मोठेपणी सापडलेलं हृदयातलं छिद्र : संशय आल्यापासून उपचारापर्यंत काय काय करायचं

मी साताऱ्यात ईसीजी काढायचं काम करतो. आमच्याकडं सैन्य भरती आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर, आणि भरतीच्या दिवसात त्यातली काही हमखास माझ्या टेबलावर येऊन झोपतात, कारण मेडिकलला कुणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावून 'मर्मर येतीय, इको करून ये' म्हणून बाजूला काढलेलं असतं (मर्मर म्हणजे ठोक्यांच्या मधे येणारा जादा आवाज, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी). पोरगं रोज अजिंक्यतारा पळत चढतंय, त्याला पटतच नाही. आणि दुसरीकडं चाळिशीतल्या बायका, ज्यांना वर्षानुवर्षं दम्याचा पंप दिलाय, थकवा आला की रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात, आणि ईसीजी पहिल्यांदाच काढला जातोय. या दोघांच्यात सारखं काय असू शकतं तर जन्मापासूनचा हृदयाचा दोष, जो लहानपणी कुणाच्या लक्षातच आला नाही. मी डॉक्टर नाही, उपचार तुमचे कार्डिऑलॉजिस्टच ठरवणार. पण त्यांच्यापुढं जाताना काय घेऊन जायचं, रिपोर्टात काय बघायचं आणि काय विचारायचं हे माहीत असलं तर माणूस वाचतो, हे रोज बघतो म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक नातेवाईक पहिला प्रश्न विचारतो, "भोक केवढं आहे?" प्रश्न बरोबर आहे पण अपुरा आहे. त्याच्यासोबत अजून दोन विचारा: हृदयाची कुठली बाजू ताणली गेलीय का, आणि फुफ्फुसातलं प्रेशर किती आहे. मोठ्या माणसात छिद्र बुजवायचं का नाही हे मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतं.

हे होतं काय

हृदयाच्या डाव्या बाजूला प्रेशर जास्त, उजव्या बाजूला कमी. मधल्या पडद्याला छिद्र असलं की रक्त डावीकडनं उजवीकडं जातं. पाटाला भगदाड पडल्यावर पाणी खालच्या रानात शिरून तुंबतं तसंच, उजव्या बाजूला आणि तिथनं फुफ्फुसात नको तेवढं रक्त जात राहतं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र म्हणजे एएसडी, मोठेपणी सापडणाऱ्या छिद्रांमध्ये हे सगळ्यात नेहमीचं, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. ते लहानपणी शांत बसतं, कारण वरच्या कप्प्यांतल्या प्रेशरमध्ये फारसा फरक नसतो. खालच्या कप्प्यांमधलं छिद्र म्हणजे व्हीएसडी, ते लहान असलं तर आवाज मोठा करतं आणि त्रास कमी देतं. पीडीए म्हणजे पोटात असताना चालू असलेली आणि जन्मल्यावर बंद व्हायला हवी होती ती नळी, बंदच झाली नाही. शिवाय महाधमनी एका जागी अरुंद असणं, त्याला कोआर्क्टेशन म्हणतात, आणि महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, ज्याला बायकस्पिड व्हॉल्व्ह म्हणतात. हा शेवटचा तर शंभरात एकदोन जणांना असतो, बहुतेकांना माहीतही नसतं.

आणि एक घोटाळा आपल्याकडं फार होतो. लहानपणी घसा-सांधे दुखून ताप येऊन पुढं झडप खराब होते तो संधिवाताचा हृदयरोग, तो जन्मजात नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं ते त्याच्यासाठी. 'छिद्र आहे' म्हणून ते इंजेक्शन घेत बसलेली माणसं भेटतात आणि उलटंही असतं, म्हणून आपला आजार यातला नेमका कुठला हे एकदा कागदावर लिहून घ्या.

पहिली पायरी : संशय कधी घ्यायचा

चालताना, जिना चढताना बरोबरीची माणसं पुढं जातात आणि आपण मागं राहतो. छातीत धडधड होते, मधेच ठोके इकडं तिकडं पळाल्यासारखे वाटतात. वरचेवर छातीत कफ, न्यूमोनिया. तरुण वयात लकवा. पाय सुजणं. बाळंतपणात अचानक दम लागणं, कारण पोटुशीपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि इतकी वर्षं दबून असलेला दोष तेव्हाच तोंड वर काढतो. तिशीच्या आत बीपी १६०-१७० निघालं तर नुसत्या गोळ्या चालू करून घरी येऊ नका, पायातली नाडी बघितली का विचारा, कोआर्क्टेशनमध्ये हाताचं बीपी जास्त आणि पायाचं कमी असतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला विसरू नका. आई, आजी, आत्या यांना आठवतं: 'ही दूध पिताना सारखी थांबायची, घामाघूम व्हायची', 'मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं छिद्र हाय, आपोआप बुजंल'. बऱ्याच लहान छिद्रांच्या बाबतीत ते खरंही असतं, पण बुजलंय का हे परत जाऊन कुणी बघितलेलंच नसतं. घरात कुणाला जन्मजात दोष आहे का, कुणी तरुण वयात अचानक गेलंय का, आईवडील जवळच्या नात्यातले आहेत का हेही सांगा. आपल्याकडं मामाच्या घरात मुलगी देतात, आणि अशा लग्नांतल्या मुलांमध्ये या दोषांचा धोका थोडा वाढतो.

दुसरी पायरी : घरी काय बघता येतं

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तो काढा. नेलपॉलिश, मेंदी नसलेल्या बोटाला लावा, हात गार असला तर चोळून गरम करा. बसून निवांत असताना ९५ च्या वर हवं. मग पायाच्या बोटाला लावा. हाताला ९६ आणि पायाला ८५ असा मोठा फरक परत परत येत असेल तर तो खेळ समजू नका, पीडीए असलेल्या माणसात फुफ्फुसाचं प्रेशर फार वाढलं की कमी ऑक्सिजनचं निळं रक्त पायाकडं जातं, म्हणून हाताची बोटं गुलाबी आणि पायाची नखं निळसर दिसतात. बीपी दोन्ही हातात मोजा, लिहून ठेवा. पण हे सगळं चांगलं आलं म्हणजे छिद्र नाही असा अर्थ काढू नका, एएसडीच्या माणसाचा ऑक्सिजन वर्षानुवर्षं ९८ असतो.

तिसरी पायरी : डॉक्टरांचा कान, ईसीजी आणि एक्स-रे

शांत खोलीत, शर्ट काढून, नीट ऐकणारा डॉक्टर मिळाला तर अर्धं काम तिथंच होतं. एएसडीत हृदयाचा दुसरा आवाज दोन तुकड्यात येतो आणि श्वास घेतला सोडला तरी त्या दोन तुकड्यातलं अंतर बदलत नाही. पीडीएत यंत्र चालल्यासारखी सलग घरघर असते.

आता माझ्या कामातलं. छातीवर उजव्या बाजूला, चौथ्या फासळीखालच्या खाचेत जो पहिला इलेक्ट्रोड लागतो, व्ही-वन, त्याच्या पट्टीवर एएसडीच्या माणसात बऱ्याचदा एका ठोक्याला दोन शेंडे दिसतात, पहिला लहान आणि दुसरा मोठा. रिपोर्टात 'इनकम्प्लीट आरबीबीबी' असं छापून येतं. हे निरोगी तरुणातही दिसतं, म्हणून बरेच जण 'नॉर्मल आहे' म्हणून सोडून देतात. एकट्याला फार अर्थ नाही, पण दम लागतोय, मर्मर आहे आणि वर हे, असं असेल तर इकोशिवाय विषय सोडायचा नाही. आणि ईसीजी काढताना इलेक्ट्रोड एक खाच वर लागला तरी असे शेंडे दिसू शकतात, त्यामुळं शंका आली तर परत काढून घ्या, पाच मिनिटं लागतात. एक्स-रेत हृदय मोठं आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या भरलेल्या दिसतात.

माझी चुलत वहिनी कोरेगावकडची, तिला बरीच वर्षं दम्याचा पंप चालू होता. पंप मारला तरी फरक नाही, रात्री शिट्टी वाजत नाही, फक्त चढावर आणि पाण्याची घागर उचलली की दम. खरा दमा कमी-जास्त होतो, धूळ-थंडीत उसळतो, मधे बरा असतो. तिचा दम मात्र वर्षागणिक हळूहळू वाढतच चालला होता. ईसीजीत हेच दोन शेंडे होते आणि इकोत २२ मिमीचा एएसडी.

चौथी पायरी : टूडी इको, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुई नाही, दुखत नाही. रिपोर्ट हातात आला की सगळे ईएफ बघतात, '६० टक्के, नॉर्मल' वाचून चहा प्यायला जातात. ईएफ हे डाव्या बाजूच्या पंपाचं माप आहे, आणि एएसडीत ताण उजव्या बाजूवर असतो. म्हणून ईएफ ६० असूनही उजवी बाजू दुप्पट फुगलेली असू शकते. तुम्ही शोधायचे शब्द हे: आरए आणि आरव्ही (उजव्या बाजूचा वरचा आणि खालचा कप्पा) डायलेटेड म्हणजे फुगलेले आहेत का, आरव्हीएसपी किंवा पीएएसपी (फुफ्फुसाकडच्या प्रेशरचा अंदाज) किती, शंट म्हणजे छिद्रातनं जाणारं रक्त लेफ्ट टू राईट आहे का दोन्हीकडं का उलटं, छिद्राचा प्रकार कुठला आणि त्याच्या कडा म्हणजे रिम्स किती आहेत. यातलं काही लिहिलेलं नसेल तर विचारा, डॉक्टर रागवत नाहीत.

उजवी बाजू फुगलीय पण छिद्र सापडत नाही, असा रिपोर्ट आला तर तिथं थांबू नका. साइनस व्हिनोसस नावाचा प्रकार पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात असतो आणि छातीवरनं केलेल्या इकोत सहज निसटतो, त्याच्यासोबत फुफ्फुसाची एखादी नस चुकीच्या जागी जोडलेली असते. अशा वेळी टीईई (अन्ननलिकेतनं केलेला इको, पुढच्या पायरीत सांगतो) किंवा सीटी-एमआरआय करायला लागतं.

उलट रिपोर्टात 'पीएफओ' दिसलं तर घाबरून जाऊ नका. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातली ती लहानशी झडप साधारण चारातल्या एका माणसात उघडी राहते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. तरुण वयात दुसरं कारण नसताना लकवा आला असेल तरच तिचा वेगळा विचार होतो.

पाचवी पायरी : टीईई आणि कॅथ

टीईई म्हणजे अन्ननलिकेतनं नळी घालून मागच्या बाजूनं काढलेला इको. साधारण सहा तास उपाशी, घशात बधिर करायचा स्प्रे, थोडी गुंगी. अस्वस्थ वाटतं, पण थोड्या वेळाचं काम असतं. कवळी असेल तर आधी काढा, त्या दिवशी गाडी चालवू नका. छत्री, म्हणजे ऑपरेशन न करता छिद्र बुजवायची तारेची वस्तू, बसेल का नाही हे यातनंच कळतं, कारण कडा मोजता येतात.

कॅथ म्हणजे मांडीच्या नसेतनं बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतलं प्रेशर प्रत्यक्ष मोजायचं. इकोतलं प्रेशर हा अंदाज असतो. आकडा जास्त आला तर दोन शक्यता असतात, एक म्हणजे फुफ्फुसात जास्त रक्त जातंय म्हणून प्रेशर जास्त, दुसरी म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याच कडक झाल्यात. पहिल्यात छिद्र बुजवलं की माणूस सुधारतो, दुसऱ्यात बुजवलं की जिवावर बेतू शकतं. हा फरक कॅथमध्येच नीट कळतो, म्हणून प्रेशर वाढलेल्या माणसाला कुणी कॅथ न करता 'उद्या छत्री बसवू' म्हणत असेल तर दुसरं मत घ्या, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. कॅथच्या रिपोर्टात दोन आकडे बघा. क्यूपी-क्यूएस म्हणजे फुफ्फुसात शरीराच्या किती पट रक्त जातंय, दीडपट किंवा जास्त म्हणजे दखल घ्यावी असा शंट. दुसरा पीव्हीआर, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या रक्ताला किती अडथळा करतात ते, वूड युनिटमध्ये. ३ च्या खाली असेल तर मोकळेपणानं बुजवता येतं, ३ ते ५ मध्ये विचार करून, ५ च्या वर असेल तर आधी औषधं देऊन परत मोजायचं. चाळिशीच्या पुढं ऑपरेशन करायचं ठरलं तर हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफीही त्यातच उरकून घेतात.

सहावी पायरी : उपचार ठरवणं

काही छिद्रं तशीच ठेवतात. लहान व्हीएसडी, कुठलाच कप्पा फुगलेला नाही, प्रेशर नॉर्मल, झडप गळत नाही, तर ठराविक वर्षांनी इको आणि दातांची काळजी, बास. बुजवून द्या म्हणून मागं लागू नका.

एएसडीत उजवी बाजू फुगली असेल आणि प्रेशर ठीक असेल तर त्रास नसला तरी बुजवायचा सल्ला देतात. पडद्याच्या मधोमध असलेला सेकंडम प्रकार, पुरेशा कडा, आकार साधारण ३८ मिमीच्या आत, तर छत्री बसते. निटिनॉल नावाच्या तारेची दोन तबकड्यांची वस्तू असते, मांडीच्या नसेतनं घडी करून नेतात आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना उघडतात. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यानं कानाला-गळ्याला पुरळ उठत असेल, तर आधीच सांगा. एकदोन दिवसात घरी सोडतात. पीडीएही बहुतेक वेळा असाच बंद होतो. बाकीच्या प्रकारच्या एएसडींना, म्हणजे प्रायमम, साइनस व्हिनोसस किंवा कडा नसलेल्या मोठ्या छिद्राला, सहसा ऑपरेशनच लागतं. त्याला घाबरायचं कारण नाही, हार्ट-लंग मशीन लावून जगातलं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५३ साली डॉ. जॉन गिबन यांनी केलं ते एका १८ वर्षांच्या मुलीचा एएसडी बुजवायचंच होतं. इतकी जुनी वाट आहे ही. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोपर्यंत वजन उचलणं, टू-व्हीलर, कडेवर मूल घेणं बंद. ऊसतोड किंवा भाजी मार्केटात पोती उचलायचं काम असेल तर तेवढ्या दिवसांच्या मजुरीची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर माणूस तिसऱ्या आठवड्यात कामावर जातो.

साठीच्या पुढच्या, बीपी-शुगरवाल्या माणसात डावी बाजू कडक झालेली असते. त्यांचं छिद्र एकदम बंद केलं तर डाव्या बाजूला रक्त सोसत नाही आणि फुफ्फुसात पाणी साठतं. म्हणून आधी फुगा लावून तात्पुरतं बंद करून प्रेशर बघतात. आणि चाळिशीनंतर ठोक्यांची अनियमितता, म्हणजे एएफ, सुरू झालेली असेल तर छिद्र बुजवूनही ती राहू शकते, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

कोआर्क्टेशनला फुगा-स्टेंट किंवा ऑपरेशन. बायकस्पिड व्हॉल्व्हला झडप आणि महाधमनीची रुंदी दोन्हीवर लक्ष, शिवाय सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा इको.

ज्यांचं बुजवायचं नसतं

मोठं छिद्र वर्षानुवर्षं राहिलं, फुफ्फुसाच्या नसा कडक झाल्या आणि रक्त उलटं वाहायला लागलं, म्हणजे ओठ-नखं निळी, बोटांची टोकं फुगीर, तर त्याला आयझेनमेंगर म्हणतात. इथं छिद्र हीच त्या माणसाच्या हृदयाची सुटका असते, ते बुजवायचं नाही. पण 'आता काही होत नाही' म्हणून घरी पाठवणंही चूक. सिल्डेनाफिल, बोसेंटान अशी औषधं आहेत, त्यांनी चालणं सुधारतं. हिमोग्लोबिन १९-२० आलं म्हणून कुणी रक्त काढून टाकत असेल तर थांबवा, ते वाढलेलं रक्तच ऑक्सिजन पुरवत असतं. फक्त डोकेदुखी, धूसर दिसणं असा दाट रक्ताचा त्रास असेल तर तज्ज्ञ ठरवतील. लोह कमी पडलं तर द्यायचं. सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा जाता कामा नये, हे नर्सला स्वतः सांगा, कारण तो सरळ मेंदूत जाऊ शकतो. जुलाब-उलटीत अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. आणि गरोदरपण यात आईच्या जिवावर येतं, मृत्यूचा धोका इतका मोठा आहे की डॉक्टर स्पष्ट नको म्हणतात. सासूबाईंसमोर हे बोलायला पोरीला जमत नाही, तर नवऱ्यानं आणि घरातल्या मोठ्यांनी डॉक्टरांसमोर बसून ऐकावं. साध्या, प्रेशर न वाढलेल्या एएसडीत मात्र मूल होऊ शकतं. फक्त त्याआधी तपासणी करा आणि बाळाचा हृदयाचा इको पोटात असतानाच, साधारण १८ ते २२ आठवड्यांत करून घ्या. संततिनियमनाच्या गोळ्याही विचारूनच, काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

लहानपणी ऑपरेशन झालेल्यांनी

फॅलोचं (जन्मापासून अंग निळं पडणाऱ्या हृदयदोषाचं) ऑपरेशन पाचव्या वर्षी झालं, आता पोरगा पंचवीसचा, नोकरी करतो, मग कशाला डॉक्टर, असं घरोघर चालतं. पण त्या ऑपरेशनात फुफ्फुसाकडची झडप बऱ्याचदा गळती राहते, उजवी बाजू हळूहळू फुगते आणि ठोके बिघडतात. वर्षातनं एकदा ईसीजी-इको आणि मधूनमधून एमआरआय लागतो, काहींना झडप नवीन बसवावी लागते. चक्कर येऊन पडला तर अशक्तपणा म्हणून सोडू नका. दाखवायला पुण्या-मुंबईत मोठ्या माणसांचे जन्मजात दोष बघणारे डॉक्टर शोधा. नाहीच मिळाले तर लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञही अशा मोठ्या पेशंटना बघतात.

नंतरची काळजी

छत्रीनंतर साधारण सहा महिने रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि बऱ्याचदा सोबत क्लोपिडोग्रेल. ॲसिडिटी झाली म्हणून मधेच सोडू नका, फोन करा. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास अडला तर त्याच दिवशी इको, छत्री सरकणं किंवा भिंत घासणं क्वचित होतं पण होतं.

दात. छत्री किंवा पॅच (ऑपरेशनात छिद्रावर शिवलेलं ठिगळ) बसवल्यावर पहिले सहा महिने, आणि कृत्रिम झडप, निळेपणाचा दोष किंवा आधी हृदयात जंतुसंसर्ग झालेल्यांनी कायमच, दात काढण्याआधी डेंटिस्टला सांगायचं, ते तासाभर आधी अँटिबायोटिक देतात. आपल्याकडच्या बायका मिश्री लावतात, हिरड्या सोलवटलेल्या असतात, तिथनंच जंतू रक्तात शिरतात. मिश्री बंद करून ब्रश चालू करा, याचा फायदा मोठा आहे. ताप चारपाच दिवस उतरत नसेल तर गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का बघायची तपासणी, पाठवायला सांगा. एकदा इंजेक्शन गेलं की जंतू सापडत नाही आणि पुढं महिनाभर अंदाजानं औषधं द्यावी लागतात.

पैसा आणि कागद

१८ वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातनं मदत मिळते, त्यामुळं मुलगा सतरा वर्षांचा असताना सापडलं तर तारीख पुढं ढकलू नका. मोठ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटा आणि आपला नेमका उपचार, छत्री का ऑपरेशन, त्या हॉस्पिटलात योजनेत बसतो का हे विचारून घ्या. हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का बघा, सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलेलंच नसतं आणि मंजुरी तिथंच अडते, ते तहसीलमधनं आधी करून घ्या. योजनेत नाही बसलं तर धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो.

पुण्याला निघताना पिशवीत जुने सगळे ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि सीडीसुद्धा घ्या, नुसता कागद नको, कारण तिथले डॉक्टर चित्र स्वतः बघतात आणि सीडी असली तर परत इकोचे पैसे वाचू शकतात. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, नावं लक्षात राहत नाहीत. उपचार झाल्यावर छत्रीचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी आणि आकार असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा. पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर टेक्निशियन पहिलं तेच मागतो.